फेरीबोटीत जागा आहे, पुलावरही हवी

दाभोळच्या धक्क्याला फेरीबोट लागली की आधी उतरणारे उतरतात, मग चढणारे चढतात. एखादा टेम्पो, चार-सहा मोटारी, दुचाक्यांची रांग, मासळीची पाटी घेतलेल्या बायका, पाठीला दप्तर लावलेली पोरं आणि मधूनच एखादी सायकल. तू इथं कशाला, असं कुणी कुणाला विचारत नाही. वाशिष्ठीची खाडी सगळे एकाच वेगानं ओलांडतात आणि थोड्याच वेळात पलीकडे धोपाव्याला उतरून गुहागरच्या वाटेला लागतात. 2003 साली ही बोट सुरू झाली, त्याआधी गाडी न्यायची तर चिपळूणचा लांबलचक वळसा घ्यावा लागे. गेली बरीच वर्षं दर हिवाळ्यात मी सायकल घेऊन या किनाऱ्यानं खाली उतरतो, आणि दर वेळी या बोटीवर मला वाटतं की सार्वजनिक रस्ता म्हणतात तो असाच असला पाहिजे.

आता या खाडीवर पूल येतो आहे. एकट्या याच खाडीवर नव्हे. रेवस ते रेडी हा सुमारे 500 किलोमीटरचा सागरी महामार्ग बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून, म्हणजे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून, चर्चेत आहे. तुकड्यातुकड्यांनी तो बराचसा झाला, पण मोठ्या खाड्यांपाशी येऊन थांबत राहिला. धरमतरच्या खाडीवर रेवस-कारंजा, राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा-दिघी, सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, वाशिष्ठीवर दाभोळ, शास्त्रीवर तवसाळ-जयगड. हे राहिलेले दुवे जोडण्याचं काम आता राज्य रस्ते विकास महामंडळानं हाती घेतलं आहे.

पूल नकोत असं मी म्हणत नाही. रात्री अपरात्री बाळंतपणाला अडलेली बाई किंवा छातीत कळ आलेला म्हातारा धक्क्यावर शेवटची बोट गेल्यावर काय करतो, हे खाडीकाठच्या प्रत्येक घराला माहीत आहे. पूल झाले पाहिजेत, लवकर झाले पाहिजेत. माझं म्हणणं एवढंच आहे की यातल्या प्रत्येक पुलावर पायी चालणाऱ्याला आणि सायकलला स्वतंत्र, कठड्यानं वेगळी केलेली जागा हवी, आणि पुलांना जोडणारा गावागावांतून जाणारा जुना रस्ता संथ रस्ताच राहायला हवा. हे आत्ताच बोलायला हवं. पुलाची रुंदी खांब आणि गर्डर यांच्या आराखड्यातच ठरते. आज दोन मीटरची पट्टी मागणं म्हणजे आराखड्यात बदल मागणं. दहा वर्षांनी तीच पट्टी मागणं म्हणजे जवळजवळ दुसरा पूल मागणं.

ही भीती उगाच नाही. 2009 मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला, त्यावर सायकल नाही, दुचाकीही नाही. जानेवारी 2024 मध्ये शिवडी-न्हावाशेवा हा जवळजवळ 22 किलोमीटरचा अटल सेतू झाला, त्यावरही तेच. मुंबईचा किनारी रस्ता दुचाकीला बंद आहे. या तिन्ही ठिकाणी कारण वेगाचं दिलं जातं, आणि शहरात निदान दुसरा रस्ता, लोकल, बस असं काहीतरी असतं. कोकणातल्या खाडीवर तसं नाही. तिथं पूल हा बोटीच्या सोबतीला आलेला जादा पर्याय राहणार नाही, तो बोटीची जागा घेईल. मोटारी पुलावर गेल्या की फेरीबोटीचा धंदा बसतो, कारण बोटीचं डिझेल निघतं ते मोटारींच्या भाड्यातून. माणसं आणि सायकली मिळून तो खर्च भरून निघत नाही. बोट बंद झाली आणि पुलावर चालायला जागा नसली, तर ज्या पोराची शाळा पलीकडच्या तीरावर आहे त्याच्यासाठी खाडी पुन्हा रुंद होते. ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्यासाठी ती अरुंद होते. एकाच पुलानं दोन माणसांचं एवढं वेगळं करावं, हे सरकारी पैशाला शोभत नाही.

जपाननं हे काम कसं केलं ते पाहण्यासारखं आहे. होन्शू आणि शिकोकू या दोन बेटांमधल्या समुद्रात लहान लहान बेटांची माळ आहे. ओनोमिची ते इमाबारी अशी ती पुलांनी जोडली गेली आणि 1999 मध्ये हा शिमानामी काइदो मार्ग पूर्ण झाला. वरून मोटारींचा द्रुतगती मार्ग जातो, पण पूल बांधतानाच त्याच पुलांवर सायकल आणि पादचाऱ्यांसाठी वेगळी वाट ठेवली. पुलावर चढायला सायकलसाठी निराळे, सौम्य चढाचे वळणदार जोडरस्ते केले, आणि बेटांवरच्या गावरस्त्यांवर निळी रेघ ओढून वाट दाखवली. सायकलचा हा मार्ग जेमतेम 70 किलोमीटरचा, पण जगभरातून माणसं तो चालवायला येतात आणि लिंबू-संत्र्यांच्या बागा असलेल्या त्या छोट्या बेटांवर मुक्काम करतात. द्रुतगती मार्ग आणि सायकल एकाच पुलावर नांदू शकतात की नाही, या प्रश्नाचं उत्तर तिथं पंचवीस वर्षं उभं आहे.

आपल्या किनाऱ्याकडे तर त्याहून मोठं कारण आहे. हा रस्ता सायकलवरून गेल्याशिवाय या किनाऱ्याचा इतिहास नीट कळतच नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

नकाशा काढून बघा. कुंडलिकेच्या मुखाशी एका बाजूला रेवदंडा, दुसऱ्या बाजूला कोर्लई. राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिरा. सावित्रीवर बाणकोट, वाशिष्ठीवर अंजनवेलचा गोपाळगड, शास्त्रीवर जयगड, मुचकुंदीवर पूर्णगड, जैतापूरच्या खाडीवर नाटे गावचा यशवंतगड, वाघोटणच्या मुखाशी विजयदुर्ग. किल्ला आहे तिथं खाडी आहे. घाटावरचा माल खाडीनं खाली यायचा आणि गलबतांत चढायचा, त्या नाक्यावर ज्याचा किल्ला त्याची जकात आणि त्याचाच दरारा. मोटारीतून किल्ले पाहणाऱ्याला ते सुटे सुटे दिसतात. हा पाहिला, फोटो काढला, पुढचा. सायकलवाल्याच्या मात्र पायाला ही रचना कळते. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढायचं, तिथं वारा खायचा, मग वळणावळणानं खाडीपर्यंत उतरायचं, पाणी ओलांडायचं, पुन्हा शंभरेक मीटर चढायचं. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर झाले की सूर्य कलतो आणि बहुतेक वेळा मुक्काम एखाद्या खाडीच्या तोंडाशी, किल्ल्याच्या सावलीतच पडतो. पूर्वीची पायवाटेची आणि पडावांची मजल साधारण अशीच असणार, असं मला नेहमी वाटतं.

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालू असतो आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग काळा पडत जातो. 1755 मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. पुढच्याच वर्षी विजयदुर्गापाशी आंग्र्यांचं आरमार जळालं. हर्णैहून विजयदुर्गाला मला सायकलवर चार दिवस लागतात. मराठ्यांचं समुद्रावरचं सर्वांत मोठं बळ ज्या किनाऱ्यावर वर्षभरात मोडलं, तो किनारा त्या चार दिवसांत पायाखालून जातो, आणि विजयदुर्गाच्या अलीकडे गिर्ये गावाजवळ खाडीकाठी कातळ खोदून केलेली आंग्र्यांची गोदी दिसते तेव्हा काय मोडलं ते समजतं. मोटारी तिच्या फाट्यावरून सरळ विजयदुर्गाला निघून जातात.

अशा गोष्टी या रस्त्यावर पावलोपावली आहेत. चौल हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक खलाशांना ठाऊक असलेलं बंदर. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी इथं उतरला, त्याचा स्मारकस्तंभ रेवदंड्यात आहे. खाडीपलीकडच्या कोर्लईत आजही काही घरांत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली बोलली जाते. ती ऐकायची तर गावात थांबून कुणाशी तरी चार शब्द बोलावे लागतात. श्रीवर्धन पेशव्यांच्या भट घराण्याचं गाव, खाडी ओलांडली की वेळास नाना फडणवीसांचं. मालगुंडात केशवसुतांचं घर. रत्नागिरीत ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा राजवाडा, जिथं तो पदच्युत राजा 1916 मध्ये परदेशी मातीत मेला. काशेलीच्या सड्यावर कुणी, कधी कोरला ते ठाऊक नसलेला भला थोरला हत्ती. मालवणला सिंधुदुर्ग. शिरोड्याची मिठागरं, जिथं 1930 मध्ये सत्याग्रह झाला. आणि रेडीपुढं खाडीच्या मुखावर तेरेखोलचा किल्ला, जिथून गोवा सुरू होतो.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार याच किनाऱ्यावरचे आहेत. आपण सगळ्यांनी पेढे वाटले, आणि वाटायलाच हवे होते. पण त्या यादीतला शब्द आहे 'भूप्रदेश'. नुसत्या तटबंद्या नाहीत, तर डोंगर, खाडी, बेट, बंदर यांचं एकमेकांशी असलेलं नातं. ते नातं दाखवणारी वाट आपल्याकडे तयार आहे, वापरात आहे, आणि नेमकी तीच रुंद करून वेगवान करायच्या बेतात आपण आहोत.

खाड्यांवरचे नवे पूल तर किल्ला बघायच्या सर्वांत चांगल्या जागा होणार आहेत. आगरदांडा-दिघीच्या पुलावर सायकल कठड्याला टेकवून पश्चिमेकडे खाडीच्या तोंडाशी पाहता आलं, तर जंजिऱ्यानं त्या पाण्यावर सत्ता कशी चालवली ते शाळकरी मुलाला कुणी समजावून सांगावं लागणार नाही. ताशी ऐंशीच्या मोटारीच्या काचेतून ते दोन-तीन मिनिटांत संपतं.

आता पुलांमधल्या रस्त्याबद्दल. दिवेआगर, श्रीवर्धन, केळशी, आंजर्ले, पालशेत, हेदवी या गावांतून रस्ता जातो तो आगरांच्या मधून. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, आत नारळ, सुपारी, मिरीचे वेल. रस्ता एवढाच रुंद की समोरून एसटी आली तर एकानं थांबायचं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ इथंच आलं आणि दिवेआगर-श्रीवर्धनच्या कित्येक वाड्या एका दुपारीत झोपल्या. सुपारीचं झाड लावल्यापासून नीट उत्पन्न द्यायला सात-आठ वर्षं घेतं. ज्यांनी धीर धरून पुन्हा लागवड केली त्यांची झाडं आत्ता कुठं हाताशी येत आहेत. रुंदीकरणाची रेघ याच वाड्यांतून गेली तर वादळानं सोडलेलं आपण नेऊ.

या गावांबाहेरून वळणरस्ता काढता येईल तिथं तो काढावा, आणि आतला रस्ता संथ घोषित करावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 112 राज्य सरकारला वेगमर्यादा खाली आणू देतं, कलम 115 एखाद्या रस्त्यावर अवजड वाहनांना मनाई करू देतं. 2020 मध्ये स्टॉकहोमला रस्तासुरक्षेची जागतिक परिषद झाली. तिच्या जाहीरनाम्यात म्हटलं आहे की जिथं पायी चालणारे, सायकलवाले आणि मोटारी रोज एकत्र येतात तिथं वेग ताशी 30 च्या वर नसावा. कारण साधं आहे. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. दोन वर्षांपूर्वी गुहागरच्या पुढं एका वळणावर मागून आलेल्या मोठ्या गाडीनं मला गटारात घातलं. चालकानं भोंगा वाजवला होता आणि त्याच्या दृष्टीनं तेवढं पुरेसं होतं. कोपर सोलवटलं, पुढचं चाक वाकलं, बाकी काही झालं नाही. शेजारच्या घरातली आजी पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "बाळा, आम्हाला रोजच उतरावं लागतं रस्त्याखाली." मी वर्षातून एकदा येणारा. ती रोज देवळात चालत जाते. हा रस्ता आधी तिचा आहे, मग माझा, मग त्या गाडीचा.

म्हणूनच सायकलींची मागणी म्हणजे पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींचं खूळ, हा आक्षेप मला पटत नाही. हेल्मेट घालून, गिअरची सायकल घेऊन येणारे आम्ही दिसतो जास्त, एवढंच. पहाटे भोंगा वाजवत पाव विकणारा, जाळ्याचं भेंडोळं कॅरिअरला बांधून बंदरावर जाणारा, गुरांमागं सड्यावर निघालेला, आठवीतली मुलगी, हे सगळे त्याच रस्त्यावर आहेत. त्यांच्यासाठी सुरक्षित असलेला रस्ता माझ्यासाठी आपोआप चांगला होतो. उलट मात्र होत नाही. पर्यटकांसाठी म्हणून सुशोभित केलेला, दोन किलोमीटर चालून अचानक संपणारा रंगीत पट्टा त्या मुलीच्या काहीच कामाचा नाही. पुण्यानं हे भोगलं आहे. एके काळी सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात पुढं सायकल ट्रॅक झाले, पण तुकड्यातुकड्यांचे, आणि त्या तुकड्यांवर गाड्या लागल्या, टपऱ्या आल्या. सायकल गेली ती रस्ते रुंद झाले आणि वेग वाढला तेव्हा. नंतरच्या ट्रॅकनं ती परत आली नाही.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा आहे आणि तो गंभीर आहे. रुंद रस्ता आला की पर्यटक येतील, पैसा येईल, पोरं मुंबईला जायची थांबतील. पर्यटक येतील हे खरंच. पण ते कुठं थांबतील? मुंबईहून निघालेली वेगवान मोटार दुपारी गणपतीपुळ्याला जेवते आणि रात्री मालवण गाठते. मधल्या पन्नास गावांना तिची धूळ मिळते. सायकलवाल्याला एका दिवसात तेवढं जाता येत नाही, म्हणून तो रेवस ते रेडी सात-आठ मुक्काम करतो. तो तवसाळला चहा घेतो, पूर्णगडला नारळपाणी, आडिवऱ्यात जेवतो, नाट्यात पंक्चर काढतो. रोज रात्री त्याला खोली लागते, दोन वेळचं भरपूर जेवण लागतं. माशाचं कालवण आणि भाकरी एवढी साधी सोय त्याला हॉटेलच्या ताटापेक्षा जास्त हवी असते. हा पैसा थोडा थोडा असतो, पण तो घरगुती खानावळीत जातो, आणि त्यासाठी गावानं काही मोडावं लागत नाही. युरोपात देशोदेशींना जोडणारे युरोवेलोचे लांब सायकलमार्ग आहेत. त्यातला एक अटलांटिकच्या किनाऱ्यानं जातो, एक भूमध्य समुद्राच्या. तैवाननं 2015 च्या अखेरीस सबंध बेटाला वळसा घालणारा 900 किलोमीटरहून लांब सायकलमार्ग पूर्ण केला, आणि बराचसा आहे त्या रस्त्यांवरूनच. हे देश हौसेसाठी एवढं करत नाहीत. संथ प्रवासी गावात पैसा टाकतो, हे त्यांना दिसलं आहे.

पावसाचं आणि चढांचं काय, असंही विचारतात. जून ते सप्टेंबर हा रस्ता सायकलसाठी नाहीच, दरडी येतात, शेवाळ धरतं. उरलेले सात-आठ महिने पुरेसे आहेत. पहाटे मतलई वारा असेपर्यंत निघायचं आणि दुपारी खारा वारा सुटायच्या आत मोठे चढ उरकायचे, हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं. हाच खारा वारा पुलावर आडवा लागतो, म्हणून सायकलच्या पट्टीला मोटारींच्या बाजूनं भक्कम आणि समुद्राच्या बाजूनं पुरेसा उंच कठडा हवा. वाऱ्याच्या एका झोतासरशी सायकल हातभर सरकते, आणि ती रेघ ओढून आखलेल्या पट्टीवर असेल तर थेट ट्रकच्या पुढ्यात सरकते. रेघ चालणार नाही, कठडाच हवा.

फेरीबोटींबद्दलही एक सांगायचं आहे. पूल झाल्यावर निदान काही वर्षं, निदान सकाळ-संध्याकाळच्या शाळेच्या वेळेला, त्या चालू ठेवाव्यात आणि तोटा सरकारनं सोसावा. आपण रस्त्यांवर, पुलांवर कोट्यवधी खर्च करतो आणि त्याला तोटा म्हणत नाही. बोटीला म्हणतो. गोव्यात नद्यांवरच्या सरकारी फेरीबोटीत पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत, आणि पूल वाढत गेले तरी अनेक बोटी अजून चालू आहेत. शेजारच्या राज्याला जे जमतं ते आपल्याला न जमण्याचं कारण मला दिसत नाही. आणि कोकण रेल्वेनं खेड, चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ या स्थानकांवर सायकल चढवायची-उतरवायची सोपी सोय केली तर निम्म्या लोकांना मोटारीच्या टपावर सायकल बांधून यावंच लागणार नाही. पूर्वी एसटीच्या टपावर सायकल चढायची. नव्या गाड्यांना टपावर जागा राहिली नाही.

गेल्या हिवाळ्यात जयगडच्या धक्क्यावर बोटीची वाट पाहत बसलो होतो. पलीकडून बोट आली, त्यात तीन मुलं सायकली घेऊन उतरली. त्यातल्या मोठ्याला विचारलं, पूल झाल्यावर काय करणार? तो म्हणाला, "पुलावरून सायकल सोडतील ना?" मला उत्तर देता आलं नाही.

त्याच्या गावाला ते देता येईल. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होतात. प्रत्येक खाडीच्या दोन्ही तीरांवरच्या गावांनी एका परिच्छेदाचा ठराव करावा: पुलाच्या दोन्ही कडांना कठड्यानं वेगळी केलेली, किमान दोन मीटर रुंद, पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलसाठी वाट. पूल पूर्ण झाल्यावरही शाळेच्या वेळेची बोट. गावातल्या रस्त्यावर ताशी 30. आणि तो ठराव जिल्हाधिकारी, रस्ते विकास महामंडळ आणि आपले आमदार यांच्याकडे पोहोच घेऊन द्यावा. मसुदा लिहायला, टंकायला मी मदत करीन. येत्या हिवाळ्यात या वाटेनं जाताना दाभोळ, धोपावे, तवसाळ आणि जयगड या चारही गावांत मी तो घेऊन थांबणार आहे.